दोरिनला बंदर सोडायचंय

रविवार, रात्री

‘ट्रॅव्हलर’ या टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायच्या, अंतराळातल्या भूमिका-खेळातल्या आमच्या मोहिमेचा पुढचा भाग आठवड्यावर आलाय आणि आजची अख्खी संध्याकाळ मी दुय्यम पात्रांच्या वहीत रमलो होतो. ग्रह, मालाचे भाव, कोणतं जहाज कधी भेटणार, हे सगळं तक्त्यांवरून निघतं. माणसं मात्र बसून घडवावी लागतात आणि रेफरी म्हणून, म्हणजे खेळ चालवणारा आणि खेळाडूंखेरीज बाकीची पात्रं वठवणारा म्हणून, मला याच कामाची सर्वांत जास्त ओढ आहे.

आम्ही ‘ट्रॅव्हलर’ जुन्याच नियमांनी खेळतो. खेळ आला १९७७ साली. त्यात माणूस म्हणजे सहा आकडे: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शिक्षण, सामाजिक स्थान. प्रत्येकासाठी दोन फासे टाकायचे. एका आडबाजूच्या बंदरावर शीतनिद्रेतल्या प्रवाशांचं बघणारी बाई मला हवी होती, नाव दोरिन. आकडे पडले ५, ८, ४, ७, ९, ३. शिक्षण ९ आणि सामाजिक स्थान ३! एवढी शिकलेली बाई इतक्या खाली कशी आली असेल, याचाच मी दोन दिवस विचार करत होतो. पण ती खरी उभी राहिली तिच्या दमाच्या आकड्यामुळे.

या विश्वात गरिबांचा प्रवास गोठून होतो. साधं तिकीट ८,००० क्रेडिटचं, शीतनिद्रेचं १,०००. मुक्कामी पोचल्यावर जागं करताना दोन फासे टाकायचे. बेरीज ५ किंवा जास्त आली तर माणूस जगला. दम ६ किंवा त्याहून कमी असेल तर बेरजेतून १ वजा. म्हणजे धडधाकट माणसाचे ३६ पैकी ६ डाव वाईट, दोरिनचे १०. तिला ते बंदर सोडायचंय. ८,००० तिच्याकडे कधीच साठत नाहीत आणि शीतनिद्रेच्या पेटीत काय होतं हे तिला पुरतं ठाऊक आहे, कारण पेट्या तीच उघडते. किती प्रवासी जगतील यावर लॉटरीही लागते, प्रत्येक तिकिटातले १० क्रेडिट त्या लॉटरीत जातात. जिंकणारा दगावला तर पैसे कप्तानाचे. अंदाजाच्या चिठ्ठ्या गोळा करायचं कामही मी दोरिनकडे दिलं.

जहाजावर वैद्यकीत (खेळातलं ‘मेडिक’ हे कौशल्य) २ दर्जाचा डॉक्टर असेल तर बेरजेत १ वाढतो आणि तिचा तोटा भरून निघतो. म्हणून आलेल्या प्रत्येक जहाजाला ती एकच गोष्ट विचारते.

मागच्या शनिवारी आमचा कप्तान तिच्याशी अगं-तुगं करत सह्या उरकत होता. ती आपली “अहो कप्तान, जरा थांबा” म्हणत कागद पुढे करत होती. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, “तुमच्याकडे डॉक्टर कोण?” डॉक्टर खेळणाऱ्या मैत्रिणीने कागद बघून सांगितलं, “मी. मेडिक १.” “बरं,” म्हणून दोरिन पुढच्या पेटीकडे वळली. मी आणखी काही बोललो नाही. मैत्रिणीने नियमाचं पान काढलं, तिथला १ आणि २ मधला फरक वाचला, सगळ्यांना वाचून दाखवला. त्यानंतर कप्तानाच्या तोंडी “दोरिनबाई” आलं.

वहीत मी प्रत्येक पात्रापुढे दोन गोष्टी लिहून ठेवतो: याला काय हवंय, आणि आपलं जहाज निघून गेल्यावर हा काय करील. दुसरी गोष्ट या खेळात फार मोलाची वाटते. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जहाजाची एक झेप म्हणजे आठवडा, आणि बातमी जहाजापेक्षा वेगाने जातच नाही. खेळाडू तीन महिन्यांनी परत येतील तोवर दोरिनचे तीन महिने जगून झालेले असतात, आणि ते मला ठाऊक असायला हवेत. तिने दर जहाजामागे थोडे थोडे पैसे बाजूला टाकलेत. पुरेसे नाहीत.

आता खेळाडूंना २ दर्जाचा डॉक्टर शोधायचाय, हे त्यांनी आपणहून ठरवलं. त्यामुळे पुढच्या बंदरावरचं पात्र दोरिननेच ठरवून टाकलंय. फासे टाकून झाले, माणूस चांगला हुशार निघाला. अडचण पगाराची आहे. नियमाप्रमाणे जहाजावरच्या डॉक्टरला महिन्याला २,००० मिळतात, प्रवाशांची सरबराई करणाऱ्या स्ट्युअर्डला ३,०००. एवढ्यावर असा डॉक्टर का येईल? कर्ज बुडवून पळालाय, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. कर्जबाजारी तर आमचं जहाजच आहे, ४० वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेलं. आत्ता लिहिलंय की त्याचा भाऊ अशाच एका पेटीत गेला, आणि तेव्हा जहाजावर मेडिक १ होता.