चिठ्ठीच्या तळाच्या तीन ओळी

सौ.ची बीपी, शुगर आणि थायरॉइडची औषधं नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे चालू आहेत. महिन्याचं बिल अडीच हजारांच्या घरात. घरात सगळ्यांचा राग शुगरच्या गोळीवर. मी अंबडच्या एका कारखान्यात कॉस्टिंगला, म्हणजे मालाचा उत्पादनखर्च काढायच्या कामाला होतो, बिलं टाकवत नाहीत. वर्षभराची काढली आणि गोळीवार मांडली.

मूळ दुखण्यांच्या गोळ्यांवर निम्मेच पैसे जातात. बाकीचे चिठ्ठीच्या तळाला: गॅसची कॅप्सूल, मिथाइलकोबालामिनची (म्हणजे बी-१२ची) गोळी, कॅल्शियम. यातली गॅसची कॅप्सूल एका अँटिबायोटिकच्या कोर्ससोबत आली होती. कोर्स संपला, ती राहिली, कारण पुढच्या प्रत्येक चिठ्ठीवर एकच शेरा: 'सीटी ऑल'. म्हणजे सगळं तसंच चालू. बाहेर बाकावर पेशंट आणि बॅगा घेतलेले एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) शेजारी शेजारी बसलेले असताना डॉक्टरांनी तरी सहा ओळी परत कधी तपासायच्या?

किमतीचं गणित मात्र माझ्या धंद्यातलं, म्हणून ते वाचून काढलं. सरकारच्या १९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात नियंत्रित औषधांचा भाव उत्पादनखर्चावरून ठरायचा. २०१३ च्या आदेशापासून बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या भावांची सरासरी काढतात, त्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवतात, झाली कमाल किंमत. खर्च कुठेच नाही! आमच्या कारखान्यात असं कोटेशन दिलं असतं तर साहेबांनी तोंडावर फेकलं असतं. ही कमाल किंमत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीपुरती. यादीबाहेरच्या औषधांना तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढ करायची मुभा आहे. शिवाय ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ही शुगरची दोन औषधं यादीत सुटी आहेत. दोन्ही एकत्र केलेल्या गोळीला सुट्यांची कमाल किंमत लागू होत नाही. सौ.ला एकत्रच गोळी चालू आहे.

मेडिकलवाल्याशी घासाघीस करून उपयोग नाही. चिठ्ठीवर ब्रँड असेल तर त्याला परस्पर दुसऱ्या कंपनीची गोळी देता येत नाही. गोळे कॉलनीत होलसेलला गेलं तरी फरक पडतो तो सवलतीपुरता. खर्च ठरतो वरच्या मजल्यावर, दवाखान्यात.

म्हणून गोळीवार मांडलेला तक्ताच घेऊन डॉक्टरांकडे गेलो. "काका, ऑडिट करताय का माझं?" म्हणाले, पण बघितला. गॅसची कॅप्सूल काट मारून बंद. बीपीची आणि शुगरची गोळी औषधाच्या मूळ नावाने, मोठ्या अक्षरांत लिहून दिली, जनऔषधीतून आणा म्हणाले. थायरॉइडची मात्र त्याच कंपनीची ठेवायची, कारण त्यात मात्रा जराशी इकडेतिकडे झाली तरी रिपोर्ट हलतो. मिथाइलकोबालामिनचं कारणही पटलं: मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ उतरू शकतं. एकदा तपासू आणि मग ठरवू, असं ठरलं.

या महिन्याचं बिल चौदाशेच्या आत आलं. कॅल्शियमचा विषय निघायच्या आत पुढचा पेशंट आत आला. तो पुढच्या खेपेला काढतो.