टेक्सोमा मोहीम: शॅड का मरतात त्याचा छडा लागला (जवळजवळ)

मंडळी, टेक्सास-ओक्लाहोमा सीमेवरच्या टेक्सोमा तळ्यावर मासेमारीला जायचं ठरलंय, आणि मागच्या नोंदीत "आराखडा पक्का, आता फक्त तारीख टाकायची" असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. तो आराखडा आता मोडीत निघालाय. जूनमधल्या रंगीत तालमीत पहाटे पागून काढलेले शॅड (आमिषाचे छोटे मासे) सकाळी नऊच्या आत टाकीत उताणे पडले. नाकं लाल, खवले सुटलेले, पाण्यावर बोटभर फेस. जिवंत शॅड नाहीत म्हणजे जुलैतल्या स्ट्रायपरचं (पट्टेवाल्या बासचं) निम्मं गणित तिथंच संपलं.

निम्मंच म्हणतोय, कारण उजाडताना टॉपवॉटर (पाण्यावर नाचणारं नकली आमिष) आहे आणि नंतर स्लॅब (खोल सोडायची जड नकली आमिषं) आहेत. फटफटायच्या सुमारास तळ्यातल्या बेटांच्या आसपास शॅड वर येतात, खालून स्ट्रायपर त्यांच्यावर तुटून पडतात, आणि तेवढ्या वेळात झारा स्पूक (असंच एक टॉपवॉटर आमिष) फेकणाऱ्याला दुसरं काही लागत नाही. पण ऊन चढलं की खेळ खाली सरकतो. वरचं पाणी 85 फॅरनहाइटच्या पुढं गेलेलं. स्ट्रायपरला हवं थंड पाणी, आणि ते असतं थर्मोक्लाइनच्या (वरचं गरम आणि खालचं गार पाणी वेगळं करणाऱ्या थराच्या) खाली, जिथं ऑक्सिजन जवळपास संपलेला. मग हे मासे मधल्या पट्ट्यात अडकून पडतात. सोनारवर (मासे शोधायच्या यंत्रावर) ती पुसट आडवी रेघ दिसते ना, तिच्या जरा वर. अशा सुस्तावलेल्या माशांना स्लॅब कधी रुचतो, कधी नाही. नाकासमोर वळवळणारा जिवंत शॅड मात्र सहसा सोडत नाहीत.

दाजी म्हणाले, "अरे, मग लव्हॉन तळ्यावर शॅड धरू आणि टाकीत घालून नेऊ की!" नाही चालणार दाजी. 2009 मध्ये टेक्सासात झेब्रा शिंपले पहिल्यांदा सापडले ते टेक्सोमातच, आणि 2014 पासून राज्यभर नियम आहे: सार्वजनिक जलाशयावरून निघताना बोटीतलं, लाइव्हवेलमधलं (जिवंत माशांच्या टाकीतलं), आमिषाच्या बादलीतलं सगळं पाणी काढून टाकायचं. एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात जाता कामा नये. कटकट वाटते, पण एकदा टेक्सोमावरच्या हायपोर्ट बोटतळाच्या धक्क्याखालच्या साखळीवर ते शिंपले थरावर थर चढलेले पाहिले की तक्रार करावीशी वाटत नाही. तेव्हा शॅड टेक्सोमातच धरायचे आणि तिथंच जगवायचे.

तर टाकी. 30 गॅलनची, गोल. चौकोनी लाइव्हवेलमध्ये शॅड ठेवायचा विचारही करू नका. हा मासा सतत पोहत असतो, कोपरा आला की तिथं गर्दी करून एकमेकांना घासतो, नाक आपटून घेतो. गोल टाकीत पाणी एका दिशेनं फिरत ठेवलं की त्याच्या तोंडाशी वाहतं पाणी येत राहतं. इथवर सगळं पुस्तकी होतं. तरी मेलेच.

पहिला संशय गर्दीवर. गॅलनला एक शॅड हा आमचा हिशोब, आणि तो आम्ही ओलांडला नव्हता. हा मुद्दा निकालात.

दुसरा संशय पंपावर, आणि इथं बरंच काही सापडलं. आमचा पंप तळ्याचं ताजं पाणी सतत आत घेतो आणि जुनं बाहेर सोडतो. एप्रिलमध्ये ही व्यवस्था झकास. जुलैत तुम्ही पृष्ठभागावरचं सगळ्यात गरम पाणी टाकीत ओतत असता. 68 फॅरनहाइटच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 86 ला तो साडेसातवर येतो. आणि पाणी तापलं की माशाची ऑक्सिजनची भूक वाढते. म्हणजे पुरवठा घटतो, मागणी चढते. यावर उपाय: टाकी एकदा पहाटेच्या पाण्यानं भरायची, पंप बंद करायचा, आणि तेच पाणी गाळून फिरवत ठेवायचं. गाळणीत खवले आणि घाण अडकते, फेस कमी होतो. अमोनिया साठतो, तेवढ्यासाठी दोन-तीन तासांनी चतुर्थांश पाणी बदलायचं. एअरेटरबद्दल एक मत देऊनच टाकतो: स्वस्तातले एअरेटर मोठे बुडबुडे काढतात. दिसायला एकदम जोरदार, पण ऑक्सिजन विरघळतो तो बारीक बुडबुड्यांतून. बारीक छिद्रांचा दगड लावा, हवेचा पंप लहान असला तरी चालेल.

आता तिसरा संशयित, ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव जडलाय: बर्फ. पाणी तापतंय म्हटल्यावर दाजींनी घरी डब्यांत गोठवलेला बर्फ टाकीत सोडला होता, आणि त्यानंतरच शॅड भराभर उताणे व्हायला लागले होते. आधी वाटलं, एकदम गार झाल्याचा धक्का बसला असेल. तो बसतोच, त्यामुळे पाण्याचं तापमान हळूहळू उतरवायला हवं. पण आमच्या भागात नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतू मारायला घातलेलं क्लोरीनचं संयुग) असतं. क्लोरीन असेल तर बादली रात्रभर उघडी ठेवली की बराच उडून जातो. क्लोरामाइन तसा हटत नाही. अमेरिकेत नळाच्या पाण्यात लिटरमागे 4 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, माणसाला काही होत नाही, पण माशाला काही दशांश मिलिग्रॅमही जड जातात. पाच गॅलन बर्फ 25 गॅलन पाण्यात वितळला तर किती होईल, करा हिशोब.

हिशोबावर समाधान होईना म्हणून गॅरेजमध्ये प्रयोग लावला. दुकानातून मिनो (हेही आमिषाचे छोटे मासे) आणले, दोन बादल्यांत सोडले. दोन्हीत थायोसल्फेट (क्लोरीन मारणारं रसायन) घालून साफ केलेलं पाणी, दोन्हीत एअर स्टोन. एकीत बर्फ बंद बाटलीत, दुसरीत तितकाच बर्फ सुटा. चाचणीच्या पट्टीनं बंद बाटलीच्या बादलीत काहीच दाखवलं नाही, सुट्या बर्फाच्या बादलीत लगेच रंग आला, आणि थोड्या वेळात तिथले मिनो वर येऊन तोंडं उघडायला लागले. त्यांना लगेच हलवलं, वाचले. मिनो शॅडपेक्षा कितीतरी चिवट. त्यांची ही गत, तर शॅडचं काय झालं असेल! त्या संध्याकाळी मी गॅरेजमध्ये एकटाच एवढा खूश होतो की बायको बघून गेली, नक्की काय चाललंय म्हणून.

तर नवा नियम: बर्फ फक्त सोड्याच्या दोन लिटरच्या बंद बाटल्यांत. एका वेळी एकच बाटली, थर्मामीटर टाकीतच, लक्ष्य 70 फॅरनहाइटच्या जरा वर. मीठ घालायचंच, आयोडीन नसलेलं, पण इतर तळ्यांपेक्षा हात आखडता घेऊन. तळ्याला पाणी देणारी लाल नदी (रेड रिव्हर) वरच्या भागातल्या मिठाच्या थरांवरून येते, त्यामुळे टेक्सोमाचं पाणी मुळातच किंचित खारट आहे.

(जाताजाता: याच नदीची लांबी स्ट्रायपरला फळलीय. त्याची अंडी तळाशी बसली तर मरतात, वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. लाल नदी आणि वॉशिटा या दोन्ही नद्यांत तेवढी लांबी मिळते. म्हणून 1960 च्या दशकात सोडलेला हा समुद्रातला बास इथं स्वतःच्या बळावर वाढतो. बहुतेक तळ्यांत तो दरवर्षी सोडावा लागतो.)

हे लिहितानाच एक गोष्ट डोक्यात आली, आणि आराखडा पुन्हा हलला. शॅड मेले तर रडायचं कशाला? ताजा मेलेला शॅड म्हणजे ब्लू कॅटफिशचं पहिल्या पसंतीचं जेवण. आत्तापर्यंत कॅटफिशला आम्ही दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम मानत होतो, वेगळं आमिष, वेगळी जागा. त्याऐवजी एकच साखळी: पहाटे टॉपवॉटर, मग ऊन चढेपर्यंत जिवंत शॅडवर स्ट्रायपर, आणि जो शॅड टाकीत गळपटला तो लगेच बर्फात (इथं सुटा बर्फ चालेल, दाजी खूश). दुपारी वॉशिटाच्या फाट्यात, रूझवेल्ट ब्रिजच्या वरच्या पसरट उथळ भागात, त्याचे तुकडे लावून ड्रिफ्ट (वाऱ्यावर बोट वाहू देत मासेमारी). 7/0 मापाचा सर्कल हुक (आत वळलेल्या टोकाचा गळ), सरकतं शिसं, काठी अग्ली स्टिक या साध्या ब्रँडचीच. इतकी वर्षं महागड्या काठ्या हातात घेऊन परत ठेवल्यात, कॅटफिशला हिच्याहून जास्त काही लागत नाही. सर्कल हुकला झटका द्यायचा नाही, काठी वाकू द्यायची आणि नुसतं रीळ फिरवायचं, हे दाजींना पुन्हा सांगावं लागणार.

मोठ्या ब्लूची अपेक्षा ठेवू नका. टेक्सोमाचा 121.5 पाऊंडांचा प्रसिद्ध ब्लू जानेवारी 2004 मध्ये लागला होता. धूड हवं असेल तर हिवाळ्यात या. उन्हाळ्यातले मध्यम ब्लू आणि चॅनेल कॅट हे ताटातले मासे. पोटाजवळचा आणि कडेचा लाल भाग काढून टाका, उरलेल्याला रवा लावून तळा. बांगड्याची सर नाही, पण इथं ताजा बांगडा मिळतोय कुठं!

स्ट्रायपरच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधीच ठरवून निघायचं. गरम पाण्यात खोलवरून वर ओढलेला स्ट्रायपर सोडला तरी बहुधा वाचत नाही. म्हणून मर्यादा भरली की स्ट्रायपर बंद, "धरून सोडू" हा खेळ नाही. माणशी दिवसाला 10, त्यातले 20 इंच किंवा त्याहून मोठे दोनच. आणि परवाना टेक्सोमाचा वेगळा मिळतो तोच घ्या. तळ्याचं बहुतेक पाणी ओक्लाहोमाच्या हद्दीत आहे, पाण्यावर रेघ आखलेली नाही, आणि ड्रिफ्ट करताना वारा विचारून नेत नाही.

आणखी एक बदल. पहाटे पागण्याऐवजी रात्रीच पागायचं. हिरवा दिवा पाण्यात सोडला की आधी सूक्ष्म जीव जमतात, मागोमाग शॅड. रात्री पृष्ठभाग थोडा तरी निवलेला, शॅड बोटीपाशी आपणहून आलेले, म्हणजे नेट (पागायचं जाळं) दहा वेळा फेकायला नको, आणि कमी फेकी म्हणजे खवले शाबूत. नेट आठ फुटी, 3/8 इंची जाळी, फुटाला एक पाऊंड शिसं. 1/4 इंची नेट आम्ही ठेवून दिलं, ते इतकं सावकाश बुडतं की शॅड निवांत बाजूला होतात. शिवाय रात्री धरणाच्या दगडी उतारावर स्मॉलमाउथ बासला एखादी ट्यूब (मऊ नकली आमिष) फेकून बघता येईल. तो आपला बोनस.

दिवा अंधाऱ्या रात्री जास्त काम करतो, म्हणून स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उघडलं, आणि तारीख आपोआप ठरली. आषाढी अमावास्या! ताईकडे श्रावण कडक पाळतात, त्यानंतर महिनाभर तिच्या फ्रीजमध्ये मासा जाणार नाही. तेव्हा अमावास्येच्या आदल्या रात्री हायपोर्टहून बोट सोडायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत. दक्षिणेचा वारा ताशी 20 मैलांच्या वर निघाला तर मोकळ्या पाण्यात जायचंच नाही, लिटल मिनरल या फाट्याच्या आडोशाला कॅटफिशवर भागवायचं. ताईची अट एकच: आधी दिव्यांची पूजा, मग तळण. दाजींना रात्रभर जागायचंय हे अजून सांगितलेलं नाही, त्याआधी सोड्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायला लावल्यात.