नवी ऑटोमॅटिक गाडी अन् सिस्सूचा बर्फ

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४४ च्या वर जातो, त्यामुळं इथल्या ड्रायव्हरला गाडी तापली तर काय करायचं ते झोपेतनं उठवून विचारा, सांगंल. बर्फाचं मात्र आमच्यात कुणालाच काही ठाऊक नाही. मी जुळे सोलापुरातल्या एका डॉक्टरांची गाडी चालवतो. दिवाळीत त्यांनी जुनी डिझेल विकून पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली आणि डिसेंबरात म्हणाले, मामा, मनालीला जाऊ, गाडीनंच. म्हटलं चला की. तसाही आपल्या इथला ५२ नंबरचा हायवे तुळजापूर, बीड, धुळे, इंदूर, जयपूर करत पार पंजाबात संगरूरला जातोय.

मला बर्फापेक्षा गाडीचंच टेन्शन जास्त होतं. जुनी मागच्या चाकांवर ओढायची, गिअर आपल्या हातात. ही पुढच्या चाकांवर ओढणारी, आणि ब्रेकवरचा पाय उचलला की आपली आपणच पुढं सरकायला लागते. डावा पाय तर धुळ्यापर्यंत क्लच शोधत होता.

मनालीच्या वर पलचानला, बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून टायरवर बसवायच्या साखळ्या भाड्यानं देणारी पोरं उभी असतात. त्यातल्या एकानं आधी विचारलं, अगले पहिये की है या पिछले की? कारण इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते साखळी त्यांनाच लागते. जुन्या गाडीच्या सवयीनं मागं बसवली असती तर पुढची चाकं जागेवर फिरत बसली असती आणि वर स्टिअरिंगही ऐकलं नसतं.

जाताना रस्ता कोरडा होता, म्हणून साखळ्या डिकीतच. अटल टनेल ९.०२ किमीचा, समुद्रसपाटीपासून ३००० मीटरच्या वर, २०२० ला सुरू झालाय. पलीकडं सिस्सूला मॅगी खायला बसलो आणि बर्फ पडायला लागला, मॅडम आणि पोरं फोटो काढण्यात दंग, अन् बघता बघता रस्ता कुठला, शेत कुठलं ते कळेना. मी लगेच गाडी शेजारच्या मोकळ्या सपाट जागेत नेली. डॉक्टर धावत आले, मामा, काय करायलाव ओ? म्हटलं सर, पायाला शिकवायलोय.

आधी अगदी हळू चालवून मुद्दाम ब्रेक जोरात दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, तो एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याला घाबरून पाय काढायचा नसतो, पण गाडी थांबायला जागा लई घेते हे डोळ्यानं बघितलं. मग स्टिअरिंग वळवून एक्सीलेटर दिला तर गाडी वळायचं सोडून सरळच निघाली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला आणि इंजिननं आपणहून दम सोडला. एक्सीलेटर सोडला की चाकं परत धरायची. जुन्या गाडीत अशा वेळी शेपूट फिरलं असतं, इथं तोंड ऐकत नाही, सगळा खेळ उलटा. काळ्या रानात पावसात जीप घातलेल्याला हे चटकन कळंल, दाबलं की रुतलं. अजून एक समजलं, ताजा बर्फ एवढा वाईट नसतो, टायरखाली करकर वाजतो आणि थोडं धरतो. चार गाड्यांनी दाबून गुळगुळीत केलेला तोच खरा बाराचा.

साखळ्या तिथंच पुढच्या चाकांना बसवल्या. टनेलभर कोरड्या रस्त्यावर ती खडखड, तिशीच्या वर काटा नेला नाही, मॅडमनी कानावर हात ठेवलेले आणि मागनं दिल्लीवाले हॉर्नवर हॉर्न.

बाहेर पडलो की सोलंगकडं उतार. गाडी मॅन्युअल मोडला टाकली, स्टिअरिंगमागच्या पॅडलनं पहिल्या गिअरवर आणली, इंजिनच रोखून धरंल म्हणून ब्रेकला शक्यतो हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. शेजारी डॉक्टर मात्र मोकळ्या मॅटवर पाय दाबून बसलेले. पुढं एक बिनसाखळीची छोटी पांढरी गाडी होती, तिनं वळणावर ब्रेक दाबून धरला आणि सावकाश फिरून पूर्ण रस्त्यावर आडवीच झाली. अंतर मी भरपूर ठेवलेलं. चाकोरी सोडून डोंगराच्या बाजूला, जिथं कुणाचं चाक गेलं नव्हतं तिथं घातली, हलके हलके ब्रेक दिला. करकरत थांबली.

"मामा, थांबली ओ!"

"ताजा होता सर तिथला."

पोरांनी ती पांढरी गाडी ढकलून सरळ केली, चाकाखाली माती टाकली, त्यात तास गेला.

रात्री हॉटेलात वॉचमन म्हणाला, हँडब्रेक मत खींचना, जम जाता है. म्हणून सपाटीला लावली, गिअर पी म्हणजे पार्किंगमध्ये टाकला, चाकांना दगड दिले, वायपर काचेवरनं उचलून ठेवले. सकाळी शेजारच्या गाडीची मागची चाकं फिरंनात, वॉचमन गरम पाण्याची बादली घेऊन तिच्याखाली वाकलेला. आम्ही तोवर कुल्लूचा रस्ता धरला.