समनळ कंद: पाकोळ्यांच्या वाटेवर

श्रीलंकेत तनमलविलाच्या अलीकडे पहिली पाकोळी, म्हणजे फुलपाखरू, गाडीच्या काचेवर आपटली, तेव्हा मी मोबाईलवर रेल्वेची वेळ बघत होते. दुसरी आपटली तेव्हा मान वर केली. समोरचा सगळा रस्ता पांढरा आणि पिवळा होऊन हलत होता. गुडघ्याच्या उंचीपासून बसच्या टपापर्यंत नुसत्या पाकोळ्या, सगळ्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या. एकही फुलावर थांबत नव्हती. आमच्या अय्याने गाडी एकदम हळू केली. (सिंहलीत मोठ्या भावाला अय्या म्हणतात. पहिल्याच दिवशी आईने ड्रायव्हरचं नाव बाजूला ठेवून हेच धरलं.)

आणि मी त्याला म्हटलं, "अय्या, जरा फास्ट. आपल्याला पुलावरची ट्रेन गाठायचीय."

हे लिहायला बसले ते या एका वाक्यासाठी. एल्लाजवळचा नऊ कमानींचा पूल, त्यावरून जाणारी निळी गाडी आणि तिचा फोटो. ज्यांच्याकडून सहल ठरवली होती, त्यांचा माणूस तासातासाला अय्याला फोन करून "कुठपर्यंत आलात?" विचारत होता. त्या वेळापत्रकाने मला पुरतं पकडलं होतं. आई मागून म्हणाली, "अगो, कशाला? सावकाश घेऊ दे त्याला." पण तोवर अय्याने वेग वाढवला होता. तो बिचारा नाही कसं म्हणणार! पुढची दहा मिनिटं काचेवर वळवाच्या गारांसारखा टपटप आवाज येत राहिला.

एका तळ्याच्या बांधाशी त्याने न विचारता गाडी बाजूला घेतली. खाली उतरून बघितलं तर पुढची जाळी पंखांनी गच्च भरलेली. अय्या उकिडवा बसून बोटांच्या चिमटीने एकेक पाकोळी सोडवत होता. मेलेल्या होत्या त्या झाडाखाली ठेवत होता, हलत होत्या त्या पानावर. "मॅडम, दे आर गोइंग टु श्रीपाद," तो म्हणाला. "धिस ईज ऑल्सो नडे."

नडे म्हणजे श्रीपाद नावाच्या पवित्र डोंगराला निघालेला यात्रेकरूंचा जथा. त्याचा एक म्होरक्या असतो, त्याला नडे गुरा म्हणतात. मी अर्थ सांगितला तसा आईचा चेहरा बदलला. "म्हणजे दिंडी," ती म्हणाली. तिने तीन वाऱ्या केल्यात. ती अय्याच्या शेजारी खाली बसली आणि काही न बोलता दुसऱ्या बाजूने जाळी साफ करायला लागली. मी उभी होते.

तिच्या तळहातावरची एक मी नीट बघितली. पांढरी, पंखांच्या कडा काळसर, एका पंखाचं टोक फाटलेलं, पाय अजून अंगठ्याला धरून होते. उडाली तेव्हा अंगठ्याच्या रेषांत पांढरी भुकटी राहिली, विभूतीसारखी. फुलपाखरांच्या पंखांवरचे हे खवले बोटाला लागतात, हे लहानपणापासून माहीत होतं. आईच्या हातावर ते बघून मात्र घशाशी आलं.

पांढऱ्यांतल्या बऱ्याच लेसर अल्बट्रॉस जातीच्या असाव्यात. त्यांच्या अळ्या लंकेच्या कोरड्या भागातल्या वीर नावाच्या झाडाची कोवळी पालवी खातात. पाऊस झाला की झाडांना एकदम पालवी फुटते आणि काही आठवड्यांनी पाकोळ्याही एकदम बाहेर पडतात. पिवळसर लिंबोण्या रंगाच्या त्या लेमन एमिग्रंट. त्या तर आपल्याच. आमच्याकडे रत्नागिरीत पहिल्या पावसानंतर टाकळा उगवतो आणि भाजीसाठी तो निवडताना आई ज्या हिरव्या अळ्या बाजूला काढून परसात सोडते, त्यात यांच्याही असतात. आदल्या दिवशी तिस्समहारामच्या गेस्ट हाउसच्या बागेत हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू दिसलं, तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं तिने मला हाक मारली होती.

पूल बघितला. ट्रेन निघून गेली होती. एल्लाला माणसांची एवढी गर्दी की मला पुन्हा जायचं नाही. दोन दिवसांनी हॅटनवरून श्रीपादाच्या पायथ्याच्या नल्लतण्णीला पोचलो.

श्रीपादाची उंची २,२४३ मीटर. वरच्या पावलाच्या खुणेला बौद्ध बुद्धाचं पाऊल मानतात, हिंदू शंकराचं आणि मुसलमान आदमचं. सिंहलीत याच डोंगराला समनळ कंद म्हणतात. समनळ म्हणजे फुलपाखरू. पाकोळ्या इथे मरायला येतात, असं तिथले लोक मानतात. प्रत्यक्षात सगळे थवे या डोंगराकडे जात नाहीत, वेगवेगळ्या दिशांना जाणारे थवे लोकांनी पाहिलेत. पण डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेमधल्या वेसाकपर्यंत, म्हणजे बुद्धपौर्णिमेपर्यंत, यात्रा चालते आणि मार्च-एप्रिलचे थवे नेमके त्यातच येतात. शेजारून माणसं चाललेली, वरून पाकोळ्या. मग लोकांनी दुसरं काय म्हणावं?

आम्ही शनिवारी रात्री चढलो, ही माझी चूक. वरच्या टप्प्यात दीड तास एकाच जागी उभ्या होतो. पायऱ्या साडेपाच हजारांच्या आसपास, आई बासष्टची. तरी त्या गर्दीत कुणी ढकललं नाही. पांढऱ्या साड्या नेसलेल्या आज्या, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, आणि येणारा-जाणारा एकमेकांना म्हणतो, "करुणावयि". आईला कळलं ते फक्त करुणा. ती प्रत्येकाला "माउली" म्हणत राहिली आणि ते समोरून "अम्मा" म्हणत राहिले. लंकेतलं मला भेटलेलं सगळ्यात मोठं आदरातिथ्य हे. सूर्योदय रांगेतच झाला, आम्हाला दिसल्या त्या पुढच्यांच्या पाठी. वर जितक्या वेळा डोंगर चढलात तितके घंटेचे ठोके द्यायचे असतात. आईने एक दिला.

उतरताना, साडेनवाच्या सुमाराला, ऊन जरा तापलं आणि त्या आल्या. खालच्या चहाच्या मळ्यांवरून पायऱ्यांच्या कडेकडेने, आमच्या उलट दिशेने वर. तनमलविलासारखा लोंढा नव्हता. चार पांढऱ्या, दोन पिवळ्या, मग काही नाही, मग पुन्हा सात-आठ. वाऱ्याने मागे ढकललं की कठड्याला धरायच्या, वारा पडला की पुन्हा निघायच्या. तनमलविलाच्या रस्त्यावरच्या त्याच या, असं मी म्हणणार नाही. पण पायरीवर एक तुडवलेली दिसली, तेव्हा मला जाळी आठवली आणि मी आईला तेव्हाच्या त्या "जरा फास्ट"बद्दल बोलले. "मला कळलंय ते," एवढंच ती म्हणाली.

वाटेतल्या सीत गंगुला ओढ्याच्या थोडं वर तिच्या खांद्यावर एक पिवळी बसली. पदर घामाने भिजलेला. त्या ओलीत तिने सोंड सोडली. ओल्या वाळूवर बसून क्षार शोषतात ना, चिखलपान म्हणतात त्याला, तसंच. सोंड केसाएवढी बारीक, टोक कापडावर इकडेतिकडे चाचपडत होतं. आई पायरीच्या मधोमध थांबली, एक पाय खाली, एक वर, गुडघे थरथरत असताना. मागून मोठी नडे उतरत होती. पुढच्या म्हाताऱ्याने बघितलं, हात आडवा केला आणि सगळा जथा आईच्या दोन्ही बाजूंनी, अंग चोरून, खाली जायला लागला. जाताना एकेकजण हलक्या आवाजात "करुणावयि" म्हणत होता. आईला की तिला, कोण जाणे.

पाचेक मिनिटांनी ती उडाली, वरच्या बाजूला. आईने पदर सारखा केला, माझा हात धरला आणि चहा कुठे मिळेल ते विचारलं.