शेंगा टाकल्या की आर बंद

"ताई, दाण्यांचं वजन टाकलं तर पॅकेज मस्त चालतं. शेंगांची मोजणी टाकली की आर बंद. तेही कधी होतं, कधी नाही." आर ही आकडेमोडीची संगणकभाषा, आणि पॅकेज म्हणजे तिला जोडायचा तयार कोड. इंदूरच्याच एका बियाणे कंपनीत सोयाबीनच्या चाचण्या बघणारे हे दादा लॅपटॉप घेऊनच साउथ तुकोगंजातल्या आमच्या ऑफिसात आले होते. समोर चालवलं, तर आर चालवायच्या आरस्टुडिओ प्रोग्रामच्या पडद्यावर आर कोसळल्याचं सांगणारा तो बॉम्ब झळकला. पुन्हा चालवलं, तर गुमान उत्तर.

पॅकेज कंपनी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेलं. दोन वाणांतला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवायला आकडे हजारो वेळा पिसायचे आणि दर वेळी सरासऱ्यांतला फरक काढायचा. आरच्या लूपला, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या कोडला, हे जड जातं, म्हणून तेवढा भाग सी या वेगवान भाषेत लिहून पॅकेजच्या एसआरसी फोल्डरात ठेवलेला. त्यात गैर काहीच नाही, मीही तेच केलं असतं.

आधी मी हातानंच आकडे टाइप केले: 32, 41, 28. कितीही वेळा चालवा, काही बिघडेना. दादा म्हणाले, "मग खोट फाइलीत आहे का?" फाइल स्वच्छ होती. मेख वेगळीच होती. आरमध्ये नुसतं 32 लिहिलं तरी ते डबल, म्हणजे दशांश चालणारी संख्या, म्हणून साठवलं जातं. रीड-सीएसव्ही या आज्ञेने फाइलीतून वाचलेला पूर्णांकांचा स्तंभ मात्र इंटिजर, म्हणजे फक्त पूर्णांकांचा प्रकार, होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. वजन 14.6 असं असतं, म्हणून ते डबल. अर्धी शेंग कोण मोजतो?

सीच्या फाइलीत पहिलंच काम कोअर्स-व्हेक्टरचं, म्हणजे आलेले आकडे डबलमध्ये बदलायचं. डबल आलं तर ते आलेली वस्तूच परत देतं. इंटिजर आलं तर नवी प्रत बनवतं. वस्तू वापरात आहे असं आरला सांगणारं प्रोटेक्ट या प्रतीला लावलेलं नव्हतं. पुढच्या ओळीत उत्तरासाठी मेमरी मागितली होती, आणि मेमरी मागितली की आरचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी साफ करणारा, कधीही निघू शकतो. सीमधला पॉइंटर, म्हणजे त्या प्रतीचा पत्ता, त्याला दिसत नाही. बेवारस दिसेल ते तो उचलतो. इंदूरची कचरागाडी निदान गाणं वाजवत येते, ही न सांगता येते.

शंका पक्की करायला जीसीटॉर्चर चालू केलं. मग मेमरीच्या जवळपास प्रत्येक मागणीला सफाई होते. सगळं भयंकर रेंगाळलं, पण मोजक्या शेंगांवरही उत्तरं वेडीवाकडी येऊ लागली. आर बंद न पडता! दादांच्या चटकन लक्षात आलं. "म्हणजे बंद पडलं नाही, तेव्हाचे आकडे तरी बरोबर होते ना?"

होते, पण मध्ये सफाई झाली नसेल तरच. झाली असेल आणि तीच जागा उत्तराला मिळाली असेल, तर प्रतीतल्या आकड्यांवरच उत्तर लिहिलं गेलं असणार. बॉम्ब दिसला ती खरं तर बरी वेळ होती.

दुरुस्ती एवढीशीच: कोअर्स-व्हेक्टरला प्रोटेक्ट, आणि शेवटी ते संरक्षण काढणाऱ्या अनप्रोटेक्टमध्ये एकाच्या जागी दोन. तो आकडा चुकला तर आर स्टॅक इम्बॅलन्सची, म्हणजे लावलेल्या-काढलेल्याचा हिशेब जुळत नसल्याची, सूचना देतं, तेवढी मेहेरबानी आहे.

"आरसीपीपीत लिहिलं असतं तर?" दादांनी कुठेतरी ऐकलं होतं. डर्क एडलब्यूटेल आणि रोमाँ फ्रांस्वा यांच्या नावानं ओळखलं जाणारं, आरला सी++ भाषा जोडणारं ते पॅकेज वस्तू जपायचं काम स्वतःच करतं, तेव्हा हा घोटाळा झाला नसता. पण तिथल्या न्यूमेरिक-व्हेक्टरला, म्हणजे आकड्यांच्या यादीला, डबल दिलं तर तो मूळ माहितीवरच हात चालवतो, इंटिजर दिलं तर प्रतीवर. वेगळी प्रत काढणारं क्लोन न लावता आकडे पिसले असते, तर शेंगा वाचल्या असत्या आणि वजनाचा स्तंभच पिसला गेला असता.

दादांनी डोक्याला हात लावला, मग मुकाट्यानं खरिपाच्या जुन्या फाइली उघडल्या. वजनाच्या चाचण्यांना हात लावायची गरज नव्हती. शेंगांच्या सगळ्या पुन्हा चालवल्या. एका जोडीत फरक आहे असं आधी आलं होतं, आता तो नव्हता. तिचा अहवाल बाहेर गेलाय का, हे विचारायला त्यांनी लगेच फोन लावला.