तुम्ही विचारलंत म्हणून: सकर मासा ठेवला की माशांची टाकी धुवावी लागत नाही ना?

माझ्याकडे मासे आहेत हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. दुकानात सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटणारा मासा, 'टँक क्लीनर' म्हणूनच विकला जातो, त्यामुळे विचारणाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण टाकी धुवावी लागते. सकर असेल तर जरा जास्तच.

काचेवरचं शेवाळ तो खरवडतो, हे खरं. लहान असेपर्यंत तर अगदी मन लावून. पण खाल्लेलं बाहेरही पडतंच. सकाळी वाळूवर विष्ठेच्या लांबच लांब हिरवट दोऱ्या पसरलेल्या असतात. आणि दुकानात बोटाएवढा दिसणारा हा जीव सव्वा फुटापर्यंत सहज वाढतो. दोन फुटी टाकीत त्याला वळताही येत नाही.

"दिवसभर पडूनच असतो, आजारी आहे का?" हा पुढचा प्रश्न. आजारी नाही, निशाचर आहे. दिवसा लाकडाखाली तळाला चिकटलेला असतो तेव्हा त्याचा डोळा जवळून बघा. बुबुळाचा एक पडदा वरून खाली उतरलेला असतो आणि बाहुली घोड्याच्या नालेसारखी दिसते. अंधार पडला की तो पडदा मागे सरतो, बाहुली गोल होते आणि स्वारी कामाला लागते. म्हणून काकडीची चकती दिवा मालवल्यावरच टाकायची. खोली शांत असेल तर लाकूड खरवडल्याचा आवाजही ऐकू येतो.

याचं मूळ घर अ‍ॅमेझॉनचं खोरं. पूर ओसरला की तिथे मागे डबकी उरतात, पाण्यातला ऑक्सिजन संपत येतो आणि इतर मासे मरायला लागतात. हा मात्र वर येऊन हवेचा घोट घेतो आणि चक्क पोटाने श्वास घेतो. त्याच्या जठराच्या भिंतीत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ब्राझीलमध्ये त्याला आकारी किंवा बोडो म्हणतात. तिथे तो कवचासकट निखाऱ्यावर भाजतात, सांतारें शहराकडे त्याचं 'पिराकुई' नावाचं कोरडं पीठ करतात. पेरू देशात हाच काराचामा, आणि त्याचं सूप आवडीने पितात. आपण ज्याला झाडूवाला समजतो तो तिकडे जेवणातला मासा आहे!

आता मला खरोखर राग येतो ती गोष्ट. मासा मोठा झाला की लोक त्याला जवळच्या तळ्यात नाहीतर नदीत सोडून येतात. मुक्या जिवाला जीवदान दिलं म्हणे. गढूळ, घाण पाण्यातही तो तगतो. नर काठाच्या मातीत खोल बिळं करून अंड्यांची राखण करतात, त्याने काठ ढासळतात. अंगावर हाडांच्या पट्ट्या आणि टणक काटे, त्यामुळे कोळ्यांची जाळी फाटतात आणि हाती आलेल्या माशाला बाजारात गिऱ्हाईक नाही. मेक्सिकोच्या इन्फिएर्निओ जलाशयात याच माशांनी तिलापिया या खायच्या माशाच्या मासेमारीचं कंबरडं मोडलं. आपल्याकडे कोलकात्याच्या पूर्वेकडच्या मत्स्यतळ्यांत तो पसरलाय, वाराणसीला गंगेतही सापडलाय. नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. पाण्यात सोडू नका.

टाकीत असा मासा हवाच असेल तर त्याचा छोटा भाऊबंद ब्रिसलनोज बघा, पाचेक इंचांवर थांबतो. आणि शेवाळच नको असेल तर टाकी खिडकीतल्या उन्हातून हलवा, दिवा सात-आठ तासांवर चालू ठेवू नका, खाणं कमी टाका. काच पुसायला स्पंज मिळतो.