मावशीचा कोबाल्ट आणि भुईमुगाचे दाणे

मागच्या एकादशीला मावशीकडे होतो, मामेभाऊ देपालपूरहून शेंगांची पिशवी घेऊन आलेला, यंदा उन्हाळ्यात त्यानं विहिरीच्या पाण्यावर दोन बीघे टीएजी २४ जातीचा भुईमूग लावला होता. मावशी खिचडीसाठी दाणे भाजायला बसली आणि हा सांगून बसला की ही जात भाभा अणुकेंद्रानं किरण मारून काढलीये, कोबाल्ट वगैरे. मावशीनं गॅस बंद केला. "नको रे, मी घेतला तेवढा शेक पुरे."

मावशीला कॅन्सर झाला होता तेव्हा कोबाल्टच्या मशीनवर शेक दिला होता, आमच्या इंदूरला सगळे सिकाई म्हणतात. तिच्या भीतीवर हसायला मला जमणार नाही, त्या दिवसांत तिला हॉस्पिटलला नेणारा मीच होतो. पण मी तिला एवढंच विचारलं, मशीनवरून घरी आल्यावर नातवाला कडेवर घ्यायचीस ना? घ्यायची, डॉक्टरांनीच सांगितलं होतं की काही होत नाही. मग बियाणाचंही तेच आहे गं, कोबाल्टमधून निघणारे गॅमा किरण आरपार निघून जातात, आत राहत नाहीत.

राहतो तो बदल. वाटेत डीएनएचे धागे तुटतात, पेशी ते परत जोडते आणि जोडताना कुठेतरी चूक राहते, ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते, बस. भुईमुगाच्या कोरड्या बियाला साधारण २०० ते ३०० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) देतात आणि तरी ते उगवतं, कांद्याचे कोंब मात्र ६० ते ९० ग्रेमध्येच कायमचे थांबतात कारण कांदा पाण्यानं भरलेला असतो. मला ही गोष्ट फार आवडते, सुकं बी किती चिवट असतं!

पण खरी मेहनत किरणांची नाहीच. पहिल्या पिढीत रोपं खुजी, पानं वेडीवाकडी, काही वांझ, त्यात निवडण्यासारखं फार काही नसतं. बदल बहुतेक वेळा जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच झालेला असतो म्हणून झाकलेला राहतो, दुसऱ्या पिढीत दोन्ही बदललेल्या प्रती एकत्र आल्या की उघडा पडतो, आणि तेव्हा कुणीतरी उन्हात हजारो झाडांच्या ओळींतून चालत एकेक झाड बघायचं, बहुतेक बदल वाईटच निघतात, कामाचं एखादंच. १९२८ मध्ये स्टॅडलर या अमेरिकन शास्त्रज्ञानं बार्लीवर एक्स-रेचा परिणाम दाखवला, पण यातून शेतकऱ्याच्या उपयोगाचं काही निघेल याची त्याला स्वतःलाच फारशी आशा नव्हती. ट्रॉम्बेला, म्हणजे मुंबईच्या त्या भाभा केंद्रात, मात्र माणसं चिकाटीनं लागली, १९७३ ला टपोऱ्या दाण्याची टीजी १ आली, मग अशा म्युटंटांचे, म्हणजे बदल झालेल्या झाडांचे, आपसात संकर करत करत १९९१ ला टीएजी २४, म्हणजे ट्रॉम्बे अकोला ग्राउंडनट, अकोल्याच्या कृषी विद्यापीठासोबत काढलेली. म्हणजे मामेभावाच्या शेंगांवर कुणी किरण मारलेले नाहीत, ती खूप मागच्या पिढ्यांची गोष्ट आहे.

मावशीनं मग गव्हाचं विचारलं, तिनं शरबती सोनोराचं नाव कुठेतरी ऐकलं होतं. तो आपल्या सीहोरचा शरबती गहू नव्हे हो, इथे पुष्कळ लोकांचा घोळ होतो. मेक्सिकोचा सोनोरा ६४ लाल दाण्याचा होता, आपल्याकडे पोळीला तो रंग कुणाला नको, तेव्हा कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथन यांच्या टीमनं दिल्लीत किरण देऊन दाणा पिवळसर केला. आणि आपल्या इंदूरच्या सोयाबीन केंद्राची अहिल्या १ सुद्धा ब्रॅग नावाच्या अमेरिकन वाणात म्युटेशन घडवूनच काढलेली. अहिल्याबाईंचं नाव ऐकून मावशी एकदम सरळ बसली.

"आणि ते हजारातलं एक झाड ओळखणाऱ्याचं नाव पिशवीवर लिहितात का रे?" असं तिनं विचारलं. नाही लिहीत. "लिहायला हवं," म्हणाली, आणि गॅस पेटवला.